डोक्याला मार लागलाय? नुसती जीसीएसची बेरीज लिहू नका

डोक्याला मार लागून पेशंट कॅज्युअल्टीत आला की आधी श्वास, बीपी, ऑक्सिजन आणि शुगर बघायची. मान हलू द्यायची नाही. मग जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल: पेशंट किती शुद्धीवर आहे ते गुणांत मोजायचं. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत: डोळे उघडण्याला (ई) जास्तीत जास्त ४, बोलण्याला (व्ही) ५, हालचालीला (एम) ६ गुण. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर, बहुतेकदा श्वासाची नळी घालावी लागते.

पण केसपेपरवर नुसतं ‘जीसीएस १०’ लिहिणं मला अजिबात पटत नाही. पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला त्यावरून काय कळणार? ई३ व्ही२ एम५ असं सुटं लिहा.

यातली हालचाल सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच घाईत चुकते. ‘माझा हात दाबा’ म्हणत तळहातात बोटं दिली आणि पेशंटने आवळली, की लगेच एम६ लिहून मोकळे! बेशुद्धीतही स्पर्शाने मूठ आपोआप मिटू शकते. म्हणून ‘दाबा, आता सोडा’ असं दोन्ही करून घ्या, नाहीतर जीभ बाहेर काढायला सांगा. प्रतिसाद नसेल तर नखावर पेन दाबा, मग खांद्याचा स्नायू चिमटीत धरा. हात कॉलरबोनच्या वर आला तर एम५. गुण चांगल्या बाजूचे धरायचे, पण दुसऱ्या बाजूची कमजोरी वेगळी लिहायचीच. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांचा आकारही.

दारूचा वास येतोय म्हणून ‘उतरली की उठेल’ असं कधीही धरून चालू नका.

दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा जास्त, दोन तासांनीही जीसीएस १५ नाही, नाका-कानातून पाणी, कानामागे काळंनिळं: यातलं काहीही असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन करायचाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पेशंट कितीही ठणठणीत दिसो, सीटीचा विचार हवाच. सोबत आलेल्यांनी गोळ्यांची पाकिटं दाखवली आणि अपघाताची वेळ सांगितली तर फार मदत होते.

पहिली तपासणी पुरत नाही. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असेल तर पेशंट आधी नीट बोलतो आणि काही तासांत ढासळतो. जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, नंतर २ तास तसंच, पुढचे ४ तास दर तासाने, मग दर २ तासांनी नोंद ठेवा. एक गुण उतरला आणि अर्धा तास तसाच राहिला, विशेषतः हालचालीचा, तर डॉक्टरांना लगेच बोलवा.