हाती पेन्सिल, कानी गलबत

चातुर्मासात देवळात पुराण ऐकायला जाणाऱ्या बायका पूर्वी बरोबर कापूस नेत असत. पुराणिकबुवा अर्थ सांगत राहत आणि समोर ओळीने बसलेले हात वाती वळत राहत. त्यात पुराणाचा अवमान होतो असे कोणालाही वाटत नसे. उलट ज्यांचे हात रिकामे असत, त्यांनाच आधी डुलकी लागे. हात गुंतलेले आणि कान मोकळे ही जोडी आपल्याकडे अशी जुनी असल्यामुळे, संध्याकाळी टेबलाशी बसून रंगीत पेन्सिलींनी चित्राचा सराव करता करता जुन्या साहसकादंबऱ्या ऐकण्याचा माझा छंद मला काही फारसा आधुनिक वाटत नाही. पुराणिकबुवांच्या जागी मोबाइल आला आहे आणि व्यासपीठावर व्यासांऐवजी फ्रेंच साहसकथाकार ज्यूल व्हर्न बसला आहे, एवढाच काय तो फरक.

साहसकादंबऱ्यांपुरते बोलायचे, तर ही जोडी क्यूबातल्या हवाना शहरातल्या चिरुटांच्या कारखान्यांत सर्वांत नेटाने पाळली गेली. तेथे 1865 पासून कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. त्याचा मोबदला कामगार स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि शेकडो हात तंबाखूची पाने वळत असताना तो आधी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी वाची. अलेक्सांद्र द्युमाची ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ तेथे इतकी लाडकी झाली, की 1935 मध्ये निघालेल्या ‘माँतेक्रिस्तो’ या चिरुटाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. मला मात्र त्या कामगारांचा थोडा हेवा वाटतो. रोजच्या सवयीने वळले जाणारे चिरूट द्युमाच्या कोणत्याही प्रकरणाला दाद देत नसावेत. रंगीत पेन्सिलीचे काम इतके निर्ढावलेले नसते. चित्र कोणत्या टप्प्यावर आहे, यावर कानात कोण बोलू शकेल हे ठरते.

पहिला टप्पा रेखाटनाचा, आणि तेथे कोणीच बोलून चालत नाही. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना वस्तुचित्राच्या पेपरातली ती शांतता आठवत असेल: पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा, तांब्याची उंची रुंदीच्या किती पट आहे ते मोजायचे. मोजमाप चालू असताना ऐकलेले वाक्य डोक्यात शिरत नाही आणि शिरलेच तर तांब्याचे एक अंग सुजते. म्हणून बाह्यरेषा जुळेपर्यंत मी मोबाइल बंद ठेवते. गंमत सुरू होते ती त्यानंतर, रंगाचे थर चढवताना.

रंगीत पेन्सिलीला घाई मुळीच खपत नाही. तिच्यातला रंग मेणात किंवा तेलात बांधलेला असतो आणि तो कागदाच्या बारीक खडबडीत दाण्यांना धरून राहतो. पहिल्याच वेळी दाबून घासले, तर ते दाणे भरून जातात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि वरचा रंग नुसता घसरतो. त्यामुळे टोक सतत तीक्ष्ण ठेवून, हाताचे वजन जवळजवळ काढून घेऊन, एकावर एक पातळ थर द्यावे लागतात. सध्या माझ्यासमोर आजीचा पितळी तांब्या आहे. पितळेला सोनेरी पेन्सिल उपयोगाची नाही. ती कागदावर केवळ लग्नपत्रिकेची आठवण करून देते. तळाशी फिकट पिवळा, त्यावर यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, पोटाच्या वळणावर बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी आणि जेथे खरी सावली आहे तेथे काळ्याऐवजी गडद जांभळा दिला, की पिवळ्याचा भडकपणा उतरून धातू वजनदार दिसू लागतो. गळ्याखाली खिडकीचे तिरपे, अरुंद प्रतिबिंब पडले आहे. ते रंगवायचे नसतेच, तो कोरा कागद असतो आणि पहिल्या थरापासून त्याला वळसा घालून काम करावे लागते, कारण पुसून किंवा वरून पांढरी पेन्सिल फिरवून तो शुभ्रपणा पुन्हा मिळत नाही. तळहाताएवढ्या जागेला अख्खी संध्याकाळ लागते, आणि त्या संध्याकाळी कान अगदी बेकार असतात.

अशा वेळी व्हर्नसारखा सोबती नाही. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हे पुस्तक डोळ्यांनी वाचणारे बहुतेक जण त्यातल्या माशांच्या याद्या गाळतात, हे त्यांनी कबूल केले नाही तरी मला ठाऊक आहे. नॉटिलस या पाणबुडीच्या काचेतून प्राध्यापक अरोनाक्स समुद्र न्याहाळतो, शेजारी उभा असलेला त्याचा नोकर कॉन्सेय प्रत्येक जिवाचा वर्ग, गण आणि कूळ न चुकता सांगतो, आणि कथानक पाण्यात नांगर टाकून बसते. डोळा उडी मारून पुढे जातो. कानाला तशी उडी मारता येत नाही, आणि पेन्सिल हातात असली की त्याला ती मारावीशीही वाटत नाही. पितळेवर चौथा थर चढत असताना मला पुढे काय होते याची मुळीच उत्सुकता नसते; मासे हवेतच असतात. त्यात नॉटिलसचा मालक कॅप्टन नेमो पुढे ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र आणि 1857 च्या उठावातला योद्धा निघतो, हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या पाणबुडीत परकेही वाटत नाही.

तांब्याला सर्वांत शोभणारी कादंबरी मात्र डॅनियल डीफोची 1719 सालची ‘रॉबिन्सन क्रूसो’. बेटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण ऐकताना लक्षात येते की ती मुख्यतः हस्तव्यवसायाची कादंबरी आहे. क्रूसोला एका फळीसाठी अख्खे झाड तोडून दोन्ही बाजूंनी तासावे लागते आणि त्या एका फळीला 42 दिवस लागतात. मातीची भांडी घडवायला बसतो तेव्हा जवळजवळ दोन महिन्यांच्या खटपटीनंतर दोन ओबडधोबड वस्तू हाती लागतात, ज्यांना रांजण म्हणायला तो स्वतःही तयार नसतो. ज्याला पुढचे पान उलटण्याची घाई आहे, त्याला ही प्रकरणे कंटाळवाणी वाटणे स्वाभाविक आहे. ज्याच्या हातात अर्धवट तांब्या आहे, त्याला त्यात आपला धंदेबंधू भेटतो.

द्युमाचे तंत्र याच्या अगदी उलट आहे आणि त्यामुळे तो चित्राला घातक आहे. ‘माँटे क्रिस्टो’चा नायक एडमंड दांतेस तुरुंगातला सोबती फारिया मेल्यावर त्याच्या जागी स्वतःला कफनाच्या पोत्यात शिवून घेतो आणि तुरुंगाचे रखवालदार ते पोते पायाला तोफेचा गोळा बांधून कड्यावरून समुद्रात भिरकावतात, त्या क्षणी कोणाचा हात हलका राहील? टोक कागदात रुतते, नाहीतर हात हवेत थांबून राहतो. म्हणून द्युमाला मी पार्श्वभूमी भरण्याचे काम दिले आहे, जेथे मोठा सपाट भाग असतो आणि थोडा जोर पडला तरी बिघडत नाही. व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ही त्याच खात्यात जाते; मुंबईत उतरलेला, नायकाचा नोकर पासपार्तू बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो आणि बूट गमावून बाहेर पळतो, त्या प्रसंगाला नाजूक छटा देत बसू नये.

कोणी विचारतात, की एवढ्या कादंबऱ्या ऐकता, तर मग जहाजे, बेटे, पोपट घेतलेले चाचे का काढत नाही? कान स्वतःची चित्रे काढतच असतो. त्याने पाहिलेले गलबत आणि माझ्या कागदावरचे गलबत शेजारी आले, तर दोघांचे भांडण होईल आणि कागदावरचे हरेल. समोर तांब्या असला, की डोळ्याला तांब्या पुरतो आणि समुद्र पूर्णपणे कानाच्या ताब्यात राहतो.

अर्थात, रंग आणि श्रवण यांचे सर्वांत सुंदर नाते ज्या कादंबरीत आहे, तिचा जन्मच चित्रातून झाला आहे. 1881 च्या उन्हाळ्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी राहत होता आणि हवा इतकी वाईट होती, की बाहेर पडणे अवघड. शाळकरी सावत्र मुलगा लॉइड घरात चित्रे रंगवत बसे आणि स्टीव्हन्सनही त्याच्याशेजारी जाऊन बसे. शिलिंगभर किमतीची जलरंगांची पेटी घेऊन त्याने एका कल्पित बेटाचा नकाशा रंगवला; त्या बेटाचा आकार त्याला इतका आवडला, की झाडीतून माणसे डोकावू लागली आणि ‘ट्रेझर आयलंड’ सुरू झाली. लिहिलेले प्रकरण तो दुपारच्या जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवी. सर्वांत उत्साही श्रोता निघाला तो त्याचा म्हातारा बाप. कादंबरीतल्या बिली बोन्स या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे याची यादी त्याने स्वतः करून दिली. पुढे पुस्तक छापायचे ठरले, तेव्हा प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा पोहोचलाच नाही, आणि लेखकाला आपलेच पुस्तक तपासून, त्यातले एकेक अंतर आणि दिशा जुळवून, दुसरा नकाशा करवून घ्यावा लागला. तो नकाशा त्याला कधीच खरा वाटला नाही. मला त्याची बाजू पटते. आधी रंगवून मग गोष्ट सांगणे वेगळे आणि गोष्टीच्या मापाने रंगवणे वेगळे.

हे सगळे ऐकते ते इंग्रजीतून, ही खंत आहे. ह्यू मॅग्वायर यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळामुळे स्वामित्वहक्कातून मुक्त झालेली पुस्तके जगभरचे हौशी वाचक विनामूल्य वाचून ठेवतात; त्यात साहसकादंबऱ्यांना तोटा नाही. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्नला आपल्या घरात आणून बसवले, पण आमच्या पिढीने तो डोळ्यांनीच वाचला. आणि नाथमाधवांचे ‘वीरधवल’? सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झालेल्या माणसाने अंथरुणावर पडून लिहिलेली ही कादंबरी मोठ्याने वाचण्यासाठीच जन्मली आहे, असे तिची वाक्ये ऐकताना वाटते. नाथमाधव 1928 मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे ती कोणीही वाचून ध्वनिमुद्रित करावी. फक्त एक पथ्य पाळावे: प्रत्येक पात्राला वेगळा आवाज काढू नये. पुराणिकबुवाही काढत नसत, आणि वाती नीट वळल्या जात.