कार्ड बंद पडते म्हणजे नेमके काय होते

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड स्ट्रेस टेस्टच्या, म्हणजे त्याला मुद्दाम पूर्ण भार देणाऱ्या चाचणीच्या, सतराव्या मिनिटाला बंद पडले. पडदा काळा झाला, कार्डाचे तिन्ही पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, आणि हेडफोनमध्ये लावलेले गाणे मात्र आणखी काही सेकंद व्यवस्थित वाजत राहिले. गाणे वाजत होते याचा अर्थ प्रोसेसर, मदरबोर्ड आणि विंडोज त्या क्षणी चालू होते आणि एकट्या कार्डाचा संपर्क तुटला होता. हे मी तेव्हाच लिहून ठेवले असते, तर पुढच्या सहा आठवड्यांतले निदान तीन तरी वाचले असते.

मी अकोल्यात घरूनच वास्तुरचनाकारांसाठी ब्लेंडर या प्रोग्राममध्ये त्रिमिती चित्रे आणि लहान चलचित्रे करून देते. कार्ड वापरलेले घेतले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली आणि त्याचे ग्राफिक्स कार्डांवरचे खाणकाम (मायनिंग), म्हणजे गणना करून ते चलन मिळवणे, थांबले. त्यानंतर जुन्या बाजारात जी कार्डे आली त्यांपैकीच हे एक आहे, आणि विक्रेत्याने ते लपवलेही नव्हते. कार्ड ३२० वॅटचे, जीडीडीआर६एक्स मेमरीचे आणि वीजपुरवठ्यासाठी ८ पिनांचे दोन जोड (कनेक्टर) असलेले आहे. ज्याचे ते आहे त्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे दिसेल त्याप्रमाणे दोष बहुतांशी कार्डाच्या बाहेर होता. एका इमारतीचे सहाशे फ्रेमचे चलचित्र रात्री रेंडरला, म्हणजे संगणकाकडून एकेक चित्र तयार करून घ्यायला, लावले असता पहाटे ते दोनशे चौदाव्या फ्रेमवर थांबलेले आढळले, आणि हा दोष आपल्या डोळ्यांसमोर, ठरलेल्या वेळेत घडवून आणता यावा म्हणून मी स्ट्रेस टेस्टकडे वळले.

पहिले दोन आठवडे मी तेच केले जे बहुतेक जण करतात. सुरक्षित मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांना जोडणारा प्रोग्राम, मुळापासून काढला, नवा घातला, मग त्याच्या आधीची आवृत्ती घालून पाहिली, मदरबोर्डचे बायोस (त्यावरचा मूळ प्रोग्राम) अद्ययावत केले. काहीही फरक पडला नाही. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. एवढेच, की ड्रायव्हर एकदा नीट पुसून घालणे आवश्यक असते आणि तिसऱ्यांदा घालणे हा केवळ वेळ घालवण्याचा प्रकार असतो. दुकानात दाखवले तेव्हा तिथल्या दादांनी कार्ड हातात घेऊन सांगितले, ‘ताई, कार्ड गेलंय. मायनिंगचं होतं ना?’ त्यांच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही, पण कार्ड त्यांनी एकदाही भाराखाली चालवून पाहिले नव्हते.

त्या दिवशी घरी येऊन मी एक वही केली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, खोलीचे तापमान, कोणती चाचणी चालू होती, किती मिनिटे चालली, आणि बंद पडताना नेमके काय दिसले व ऐकू आले, एवढे लिहायचे. अकरा नोंदी झाल्यावर लक्षात आले की ज्याला मी ‘क्रॅश’ म्हणत होते त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या होत्या. सात वेळा पडदा काळा होऊन पंखे पूर्ण वेगाने फिरले होते. तीन वेळा संपूर्ण संगणकच, वीज गेल्यासारखा, क्षणात बंद पडला होता. आणि एकदा पडदा दोन-तीन सेकंद गोठून परत आला होता, चाचणीचा प्रोग्राम तेवढा बंद झाला होता.

या तिन्हींच्या खुणा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतही वेगवेगळ्या उमटतात. व्हिस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे की ग्राफिक्स कार्डाने दिलेल्या कामाला ठरावीक वेळेत, म्हणजे मूळ मांडणीत २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते. ते जमले तर ४१०१ क्रमांकाची नोंद होते. जमले नाही तर निळा पडदा येतो. संपूर्ण यंत्र बंद पडल्यास पुढच्या वेळी सुरू होताना कर्नेल-पॉवर ४१ अशी नोंद होते. या ४१ मुळे अनेकांचा गैरसमज होतो, कारण ती नोंद कारण सांगत नाही. मागच्या वेळी यंत्र नीट बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. मात्र तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा चूक-क्रमांक) शून्य असेल, तर विंडोजला चूक नोंदवण्याइतकाही अवधी मिळाला नाही असे समजायला हरकत नाही, आणि मग शोध विजेच्या दिशेने न्यावा. ती २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत (विंडोजच्या मांडणीच्या नोंदींत) जाऊन वाढवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दीर्घ गणना करणाऱ्या प्रोग्रामांसाठी तो योग्य आहे, पण जे कार्ड मुळात उत्तरच देणार नाही, त्याची २ ऐवजी १० सेकंद वाट पाहून हाती काही लागत नाही.

मी सर्वांत वारंवार घडणाऱ्या काळ्या पडद्यापासून सुरुवात केली, आणि संशय अर्थातच उष्णतेवर गेला. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४४ अंशांपर्यंत जातो आणि कूलर लावूनही माझ्या खोलीत दुपारी ३५-३६ अंश असतात. तापमान बघताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, तो चिपच्या सर्वसाधारण तापमानाचा. माझ्याकडे तो ७९ होता, म्हणजे चिंतेचे कारण नव्हते. परंतु त्याच चिपच्या सर्वांत तापलेल्या बिंदूचे, म्हणजे हॉटस्पॉटचे, तापमान १०४ होते, आणि मेमरीचे १०६. पहिल्या दोहोंमधला फरक साधारण १०-१५ अंशांचा असावा. २५ अंशांचा फरक म्हणजे चिप आणि उष्णताशोषक यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा उष्णताशोषक सरळ बसलेला नाही. मेमरीचा आकडाही ११० च्या मर्यादेजवळ पोहोचला होता.

कार्ड उघडले तेव्हा मेमरीवरचे थर्मल पॅड, म्हणजे उष्णताशोषकाकडे उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्या, खडूसारखे कोरडे झाले होते. येथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे चांगली कार्डे बिघडलेली मी पाहिली आहेत. पॅडची जाडी मूळ जाडीइतकीच हवी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड घातला तर मेमरी छान थंड राहते, पण उष्णताशोषक उचलला जाऊन मुख्य चिपवर पुरेसा टेकत नाही, आणि मग हॉटस्पॉट पूर्वीपेक्षाही वर जातो. मी जुने पॅड कॅलिपरने न दबलेल्या कडेला मोजले आणि तेवढ्याच जाडीचे आणले. काम झाल्यावर हॉटस्पॉट ९० वर आणि मेमरी ८८ वर आली. मला वाटले, संपले. त्या संध्याकाळी सतराव्याऐवजी सव्विसाव्या मिनिटाला पडदा पुन्हा काळा झाला.

निराशा झाली, हे मान्य करते; पण ही नोंद वहीतली सर्वांत उपयोगी नोंद ठरली. तापमान १४ ते १८ अंशांनी उतरूनही दोष त्याच रूपात कायम होता, फक्त उशिरा येत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी पंखे तसेच ठेवून कार्डाची वीजमर्यादा ७० टक्क्यांवर, म्हणजे २२४ वॅटवर आणली. दोन तास काहीही झाले नाही. नंतर मर्यादा पुन्हा १०० टक्के केली आणि पंखे पूर्ण वेगाने चालवून हॉटस्पॉट ८० च्या खाली ठेवला, तरीही पडदा काळा झाला. कार्ड थंड असताना पडते आणि कमी वीज घेताना पडत नाही, या दोन निष्कर्षांनंतर मी कार्ड सोडून वायरीकडे पाहिले.

माझ्या एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून, कार्डाकडे एकच केबल जात होती आणि तिच्या टोकाला ८ पिनांचे दोन जोड होते. संगणक जोडणाऱ्याने नीटनेटके दिसावे म्हणून तसे केले असावे, आणि दोन्ही जोड भरलेले असल्यामुळे मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. हिशेब असा आहे: मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, आणि ८ पिनांच्या प्रत्येक जोडासाठी १५० वॅटचे प्रमाण आहे. माझे कार्ड स्लॉटमधून ५० च्या आसपासच घेत होते, म्हणजे उरलेले सुमारे २७० वॅट त्या एका केबलमधून जात होते. १२ व्होल्टला २७० वॅट म्हणजे साडेबावीस अँपिअर, आणि अशा केबलमध्ये १२ व्होल्टच्या वायरी साधारणपणे तीन. प्रत्येकीतून साडेसात अँपिअर. शिवाय ही सरासरी झाली. कार्डाची मागणी मिलिसेकंदापेक्षाही कमी काळासाठी सरासरीच्या खूप वर उसळते, आणि एकदा सेकंदाला आकडा वाचणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामला ती उसळी दिसत नाही. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात तर एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घालावी लागली, ती याच उसळ्यांमुळे.

भाराखाली जोडाजवळचा व्होल्टेज ११.४ पर्यंत उतरत होता, आणि चाचणी थांबवून हात लावला तर एसएमपीएसकडचा प्लग चटका बसण्याइतका गरम होता. एसएमपीएसच्या मूळ खोक्यात तसलीच दुसरी केबल न वापरता पडून होती. दोन जोडांना दोन स्वतंत्र केबली लावल्या आणि त्याच भाराला व्होल्टेज ११.८ वर स्थिरावला. कुणी हे करणार असेल तर केबल त्याच एसएमपीएसची असल्याची खात्री करावी. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते, आणि बसली म्हणून लावलेल्या परक्या केबलीने कार्ड कायमचे जळू शकते.

काळा पडदा त्यानंतर एकदाही आला नाही.

संपूर्ण यंत्र बंद पडण्याच्या तीन नोंदींमध्ये सारखी गोष्ट एकच होती, घड्याळ. तिन्ही वेळा संध्याकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान. त्या वेळेला आमच्या गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असतात आणि व्होल्टेज इतका उतरतो की ट्यूबलाइट फडफडते. माझा यूपीएस १००० व्हीएचा आहे. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. त्याच्या पाठीवर लहान अक्षरांत ६०० वॅट लिहिलेले आहे. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून चाचणीच्या वेळी भार ५६० ते ५८० वॅट होत होता. व्होल्टेज उतरला की यूपीएस बॅटरीवर जायचा, आणि दोन वर्षांच्या बॅटरीला तो भार एक क्षणही पेलत नव्हता. मॉनिटर यूपीएसवरून काढून आणि बॅटरी बदलूनही मला समाधान वाटले नाही, म्हणून शेवटी १५०० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणारा यूपीएस घेतला. ज्यांच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज घेण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) आहे, त्यांनी साध्या यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर विसंबू नये असे माझे मत आहे.

राहिली ती एकच नोंद, ४१०१ ची. केबल बदलल्यावर फरमार्क (कार्डाला सतत पूर्ण भार देणारी चाचणी) दोन तास निर्वेध चालले, आणि दुसऱ्या सकाळी ब्लेंडरमध्ये नुसते दृश्य फिरवताना पडदा गोठून परत आला. दोन तासांच्या कठोर चाचणीतून तरलेले कार्ड हलक्या कामात अडखळावे, हे मला बराच वेळ समजेना. उत्तर घड्याळगतीच्या, म्हणजे चिप किती वेगाने चालते त्याच्या, आकड्यांत होते. फरमार्क कार्डाला लगेच वीजमर्यादेला नेऊन भिडवते, म्हणून कार्ड स्वतःची गती उतरवते. माझे १५०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत होते. हलक्या, चढउतार असलेल्या कामात वीज शिल्लक असते, म्हणून ते १९०० च्या वर जाते. त्या वरच्या गतीला मी मागच्या वर्षी उष्णता कमी करण्यासाठी ठरवून दिलेला चिपचा ९०० मिलिव्होल्ट व्होल्टेज पुरत नव्हता, आणि तो भाग फरमार्कने कधी तपासलाच नव्हता. मी २५ मिलिव्होल्ट वाढवले. त्यानंतर ओसीसीटीची बदलत्या भाराची चाचणी आणि थ्रीडीमार्कच्या वीस फेऱ्या सलग घेतल्या, आणि मेमरीसाठी मेमटेस्ट व्हल्कन वेगळे चालवले. एकही चूक आली नाही.

ते सहाशे फ्रेमचे चलचित्र मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत पूर्ण झाले. त्यानंतर पंधरा दिवसांत पाऊस आला, खोलीचे तापमान २९ वर आले आणि हॉटस्पॉट ८२ च्या पुढे जाईनासा झाला. पण पावसाळ्यातल्या या आकड्यांवर मी वहीत फुली मारून ठेवली आहे. पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता आणि पुन्हा रात्री आठ वाजता, याच चाचण्या याच क्रमाने घ्यायच्या आहेत.