पंप थांबला, तरी पाणी वाहतंय?

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत फिशटँकचं पाणी भराभर उडतं, म्हणून आपोआप पाणी भरणारी यंत्रणा बसवली जाते. सगळं लक्ष पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सेन्सर आणि फ्लोट स्विचकडे असतं, पण खरा घोळ नळीत होतो.

पंप ज्यातून पाणी ओढतो तो आरओ पाण्याचा कॅन स्टुलावर आणि नळीचं तोंड खाली संपमध्ये (फिशटँकखालच्या जोडटाकीत) असेल, तर नळी एकदा भरली की पंप बंद झाल्यावरही पाणी वाहतच राहतं. तोंड पाण्याबाहेर काढल्याने भागत नाही. ते कॅनमधल्या पातळीच्या वरच हवं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) इथे कुचकामी, कारण पाणी त्याच्या सरळ दिशेनेच जात असतं. ६० × ३० सेंमीच्या संपमध्ये २० लिटर उतरले तर पातळी ११ सेंमी चढते. फरशी तर भिजतेच, शिवाय खाऱ्या टाकीतली क्षारता घसरून प्रवाळांचे हाल होतात.

कॅन जमिनीवर, त्यातली पातळी नळीच्या तोंडाखाली राहील असा ठेवणं सर्वांत उत्तम. मात्र तेव्हा नळीचं तोंड संपमध्ये बुडू देऊ नका, नाहीतर खारं पाणी उलटं कॅनमध्ये येईल. कॅन वरच ठेवावा लागत असेल, तर नळीचं सर्वांत उंच वळण काठोकाठ भरलेल्या कॅनच्याही वर घ्या आणि तिथे ३ मिमीचं भोक पाडा. पंप थांबताच त्यातून हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालू असताना भोकातून चिळकांडी उडते, म्हणून ते टाकीवर येईल असं बसवा. मिठाची पापडी धरून भोक बुजतं. महिन्यातून एकदा टूथपिक फिरवा.

चाचणी कॅन पूर्ण भरूनच घ्या: पंप चालवा, प्लग काढा, नळीच्या तोंडाकडे बघत राहा. काही सेकंदांत थेंब थांबायला हवेत.