गट नंबर एकशे बारा बाय दोन

मराठवाड्यात सप्टेंबरात पाऊस झोडपून गेला की आमच्याकडे फोनची रांग लागायची. फोन उचलणारे अर्थात आम्ही नव्हतो. एका विमा कंपनीसाठी आम्ही पुण्यात बसून बनवलेला मराठी बोलणारा बॉट होता. पीक विम्यात नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागे, त्यामुळे एकही कॉल वाया जाऊन चालत नसे. अर्धवट तुटलेले कॉल ऐकायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी लातूरकडच्या एका बाईंचा कॉल ऐकला. बॉटने गट क्रमांक विचारला. बाई म्हणाल्या, "एकशे बारा..." आणि घरातल्या कुणाला तरी, "सातबारा बघ गं, बाय किती हाय?" तेवढ्यात बॉटने ११२ टिपून पिकाचं नाव विचारलंसुद्धा! बाईंचं "बाय दोन" पिकाच्या रकान्यात जाऊन पडलं. पुढे बॉट माहिती वाचून दाखवू लागला, तशा बाई सवयीने "हं... हं..." करू लागल्या. दर "हं"ला बॉट गप्प. त्याला वाटे, यांना मध्येच काही बोलायचंय. मग वाक्य पुन्हा पहिल्यापासून. शेवटी काहीच जुळेना, तेव्हा त्याने ठेवणीतलं वाक्य काढलं, "आपल्या नुकसानीबद्दल आम्हाला अतीव खेद आहे." बाई कडाडल्या, "खेद राहू दे, गट नंबर लिवून घे आधी!" आणि फोन ठेवून दिला.

हे खेदाचं वाक्य कंपनीच्या आग्रहाने घातलेलं. बॉट 'संवेदनशील' वाटायला हवा ना!

संगणकतज्ज्ञ जोसेफ वाइझेनबाउमची १९६६ची एलायझा ही गप्पा मारणारी संगणक-प्रणाली तर माणसाचंच वाक्य फिरवून त्यालाच विचारायची, तरी लोक तिच्यापाशी मन मोकळं करत. पण तिथे सगळं टाइप करायचं होतं. आपलं सांगून झालं की नाही, हे माणूसच कळ दाबून ठरवायचा. फोनवर ते मशीनने ओळखायचं असतं. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तरामधलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपत आलंय, हे आपण आधीच हेरतो. आमच्या बॉटला एवढंच ठाऊक, की ८०० मिलिसेकंद शांतता झाली की पुढे सरकायचं. सातबारा काढायला पेटी उघडावी लागते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दुपारी आम्ही गट क्रमांकाच्या प्रश्नाला चार सेकंद थांबा दिला. "हं", "बरं", "व्हय की" एवढंच ऐकू आलं तर बोलणं थांबवायचं नाही, असं बसवलं. औशाच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना फोन करायला सांगितला. गट क्रमांक नीट गेला. पण तो थांबा सगळ्याच प्रश्नांना लागू झाला होता. हो-नाहीच्या प्रश्नालाही बॉट तेवढाच थांबू लागला, तेव्हा ते "हॅलो? हॅलो? कटला का रं?" असं ओरडायला लागले. मग प्रत्येक प्रश्नाचा थांबा वेगळा ठेवावा लागला. संध्याकाळ त्यातच गेली.

मधल्या वेळात त्या बाईंना कॉल सेंटरच्या मुलीकडून फोन करवला. त्यांनी आधी विचारलं, "माणूस हाय ना?" मुदतीच्या आत नोंद झाली, ११२/२, सोयाबीन.

पुढच्या बैठकीत कंपनीची तक्रार आली, की कॉल लांबतात आणि बिल मिनिटावर आहे. आम्ही म्हटलं, खेदाचं वाक्य काढा, तेवढे सेकंद वाचतील. बरीच हुज्जत झाली. शेवटी ते नोंद झाल्यानंतर, एकदाच, असं ठरलं.