'धर्म' म्हणजे नक्की काय धरलंय?
आज दिवसभर पुन्हा तोच वाद, 'धर्मनिरपेक्ष' शब्दावरचा. एक जण धर्म म्हणजे कर्तव्य धरून विचारतो, "धर्माशिवाय राज्य चालेल कसं?" दुसऱ्याच्या मनात धर्म म्हणजे उपासना. आपापल्या अर्थाने दोघंही बरोबर, म्हणून वाद मिटतच नाही.

संविधानाच्या उद्देशिकेत (प्रास्ताविकेत) हा शब्द १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आला. मराठी प्रतीत 'धर्मनिरपेक्ष', हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. व्याख्या मात्र संविधानात कुठेच नाही! १९७८ मध्ये 'सर्व धर्मांना समान आदर' अशी व्याख्या लोकसभेत मंजूर झाली, राज्यसभेत अडली.

म्हणून कळकळीने सांगतो, शब्दकोश नंतर उघडा, आधी संविधानातली धर्मस्वातंत्र्याची कलमं, २५ ते २८, वाचा. कलम २७ बघा: विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही. हे हवं की नको, यावर बोला.