४० किलो बीफ आणि जळलेल्या मिरच्या

कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रोहून निघायचं, मेक्सिकोच्या किनाऱ्याने काबो, माझात्लान, प्वेर्तो वायार्ता करायचं आणि आठव्या दिवशी सकाळी परत. या फेरीच्या जहाजावर मी क्रू गॅलीत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, कूक होतो. पाहुण्यांच्या जेवणाशी आमचा संबंध नसायचा. जहाजावर राबणाऱ्या हजारेक माणसांचं पोट आमच्याकडे. फिलिपिनो, इंडोनेशियन, चिनी, मेक्सिकन, गोव्या-कोकणातली आपली माणसं. घरापासून आठ-आठ महिने लांब असलेल्या माणसाला ताटात काय मिळतं, याला फार मोल असतं. म्हणून ते काम मी जीव लावून करत आलोय.

आमचा सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा, मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा. आम्ही त्याला शेफच म्हणायचो. त्याचा कॉन्ट्रॅक्ट संपत होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तो साइन-ऑफ होणार होता, म्हणजे जहाज सोडणार होता. शेवटच्या संध्याकाळी क्रू मेसमध्ये बिर्रिया करायची, असं मी ठरवलं होतं. बिर्रिया म्हणजे त्याच्या हालिस्को प्रांतातला सुक्या मिरच्यांचा पातळ रस्सा. मूळचा बोकडाचा, आता बीफचाही सर्रास करतात. ४० किलो बीफ शँक, म्हणजे पायाचं मांस, आदल्या दिवसापासून वितळायला ठेवलं होतं. दोन आठवडे आधी मागे लागून स्टोअरमधून दीड किलो ग्वाहियो आणि एक किलो आंचो मिरची मिळवली होती. ग्वाहियो आपल्या ब्याडगीसारखी, रंगाला जास्त, तिखटाला कमी. आंचो सुरकुतलेली, जाड. तिला मनुकांसारखा गोडसर वास.

जहाजावर गॅस नसतो. उघडी ज्योत चालत नाही, सगळं विजेवर. सकाळी सहाला बिया काढून ग्वाहियो सगळ्या एकदम तापलेल्या प्लेटवर पसरल्या आणि तेवढ्यात स्टोअरचा फोन वाजला. अर्धं मिनिट बोललो असेन. वळून पाहिलं तर कडा काळ्या पडायला लागलेल्या. बटण बंद केलं, पण लोखंडाची ती जाड प्लेट बटण बंद केल्याने थोडीच गार होते! उलथन्याने ओढून घेईपर्यंत सगळ्या करपल्या. गॅलीभर ठसका उठला, भांडी घासणारी मुलं खोकत बाहेर पळाली.

शेफने एक मिरची बोटांत चुरली, हुंगली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“कडू झाली. आता साखरेनेही हा कडूपणा जाणार नाही.”

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

उरली फक्त आंचो. नुसत्या आंचोचा रस्सा काळपट आणि गुळमट होतो, त्याला धार येत नाही. शेजारच्या केटलवर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, आमचा चीनमधल्या चेंगडूचा कूक मांस धूत होता. आम्ही सगळे त्याला शिफू म्हणायचो. तिकडच्या स्वयंपाकघरात उस्तादाला असंच म्हणतात. मांस गार पाण्यात घालून त्याने उकळी आणली होती आणि वर येणारी करडी साय झाऱ्याने काढत होता. काम अर्धवट टाकून तो आत गेला आणि एक डबा घेऊन आला. दोऊबानजियांग. वालासारख्या मोठ्या दाण्यांची नि लाल मिरचीची आंबवून मुरवलेली, खारट, गडद लाल चटणी. त्याच्या सिच्वान प्रांतात घराघरांत असते.

शेफने डब्याकडे पाहिलं आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “मी मेहिकालीत दोन वर्षं काढलीत.”

मेहिकाली हे अमेरिकेच्या सीमेला चिकटून असलेलं शहर, १९०३ साली वसलेलं. अमेरिकेने १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केलं होतं. मेहिकालीच्या कापसाच्या शेतांवर चिनी मजूर मोठ्या संख्येने आले आणि तिथेच राहिले. त्यांच्या वस्तीला आजही ला चिनेस्का म्हणतात. शेफ सांगत होता, तिथे चिनी जेवण म्हणजे गावचंच जेवण. परतलेल्या हिरव्या मिरच्यांवर सोया सॉस नि लिंबू पिळून देतात. “कर,” तो म्हणाला, “पण चक्रीफूल कमी.”

पुढचा पाऊण तास आम्ही तिघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत काय ठेवायचं नि काय वगळायचं यावर भांडत होतो. माझ्या सगळ्या नोकरीतला हा पाऊण तास मला सगळ्यात आवडलेला. दालचिनी दोन प्रकारची होती: शेफची पातळ, बोटाने चुरा होणारी, श्रीलंकेच्या जातीची, शिफूची जाड सालीची, उग्र. दोन्ही एकत्र नको, म्हणून शेफची ठेवली. चक्रीफुलं ४० किलोला दहाच. दोऊबानजियांग खारट, तेव्हा मीठ अजिबात नाही आणि सोया सॉस अर्धा. शेफला डुकराची चरबी हवी होती, तिथे मी अडलो. इंडोनेशियाची मुस्लिम मुलं जेवायला बसणार होती. तेलच घ्यायचं. शिफूची तांदळाची वाइनही त्याच कारणाने बाजूला ठेवली.

केटलमध्ये तेल तापलं. दीड किलो दोऊबानजियांग मंद आचेवर परतायला लागलो. पाचेक मिनिटांत तेलाने रंग घेतला. आधी केशरी, मग तांबडा, आपल्या मटणाच्या रश्श्यावर येते तशी लखलखीत तर्री. त्यात लसूण, भाजलेला कांदा, टोमॅटो, आणि भिजवून वाटून गाळलेली आंचो. रस्सा घट्ट होऊन कडेने तेल सोडेपर्यंत हात थांबवला नाही. बीफ न खाणाऱ्या आपल्या लोकांसाठी इथेच चार पातेली मसाला काढला, त्यात चिकन, डावही वेगळा. मग केटलमध्ये मांस, पाणी, जिरं, ओरेगानो. थर्मामीटर ९० अंशांवर. खळखळा उकळलं की शँक दोरखंडासारखा कोरडा होतो. धीर धरला तर त्यातल्या शिरा विरघळून रस्सा बोटांना चिकटतो.

चार तासांनी शिफूने शेवटची गोष्ट काढली, सिच्वान मिरी. काळ्या बिया निवडून टाकल्या, नुसती टरफलं भाजली, खलबत्त्यात चेचली. आणि मला हुंदका आला. वेंगुर्ल्याला आमच्या घरच्या बांगड्याच्या तिखल्याचा तो वास होता. आईही बिया टाकून टरफलंच घेते, ठेचून शेवटी घालते.

“तिरफळ!” मी ओरडलो. एकाच कुळातली दोन झाडं आहेत ती. शिफूने एक टरफल माझ्या जिभेवर ठेवलं. तशाच झिणझिण्या, फक्त वास थोडा लिंबाकडे झुकलेला.

साडेपाचला मेस उघडला. शेफने वाडगा घेतला, वर बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू. मक्याची टॉर्टिया रश्श्यात बुडवली. मी समोर उभा होतो. त्याने दोन घास खाल्ले आणि हाताने खूण करून मला बसायला सांगितलं.

“ही बिर्रिया नाही,” तो म्हणाला. मग आणखी एक वाडगा भरून आणला. शिफूने त्याच रश्श्यात नूडल्स घातले नि वरून काळ्या व्हिनेगरचे चार थेंब. आमची गोव्याची पोरं पाव घेऊन आली. सातला केटल रिकामी झाली होती.

रश्श्याचा एक उथळ ट्रे मी आधीच ब्लास्ट चिलरमध्ये, म्हणजे अन्न झटपट गार करणाऱ्या कपाटात, ठेवला होता. पहाटे चारला तो काढला. वर लाल तेल थिजलं होतं, खाली रस्सा जेलीसारखा थरथरत होता. शेफ बॅग घेऊन निघताना गॅलीत आला. दोघांनी उभ्या उभ्या, गरम न करता, पावाला लावून खाल्लं. मग तो गँगवेकडे, जहाजातून उतरायच्या वाटेकडे, गेला.