आमची वाटचाल: पेन ड्राइव्हच्या सफाईपासून जिनिंगच्या ऑफिसापर्यंत

हिंगणघाट परिसरात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली तेव्हा रोजची तक्रार एकच असायची. पेन ड्राइव्हमधल्या फाइली गेल्या, नुसते शॉर्टकट उरले. फाइली जात नाहीत. व्हायरस त्या लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो. फोल्डरच्या 'व्ह्यू' सेटिंगमध्ये लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दिसू दिल्या की डेटा सापडतो. मात्र मूळ स्क्रिप्ट कॉम्प्युटरच्या स्टार्टअपमध्ये बसलेली असते. ती काढली नाही, तर साफ केलेला ड्राइव्ह लावताच पुन्हा तेच.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर), आणि कामाची दिशा बदलली. काहीही न उघडता तो नेटवर्कवरून शिरत होता, आणि त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. तेव्हापासून अपडेट हा आमच्या प्रत्येक कामाचा भाग झाला.

आता जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), दालमिल, कृषी केंद्रांतून वेगळीच तक्रार येते: अँटीव्हायरस टाकला की मशीन रांगते. मग कुणीतरी तो काढून टाकतो. आम्ही आधी टास्क मॅनेजर उघडतो, त्यात मशीनचा कोणता भाग किती कामात आहे ते दिसतं. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर रिकामा दिसला, तर अडचण जुन्या हार्ड डिस्कची. तिथे २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅम हाच इलाज. अँटीव्हायरस बदलून फरक पडत नाही. दोन अँटीव्हायरस सापडले तर एक काढतोच, कारण उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही तपासतात. नुसतं अनइन्स्टॉल करून त्याचे अवशेष राहतात, म्हणून त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवावं लागतं. बहुतेक ऑफिसांना विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटीव्हायरस पुरेसा आहे, असं आमचं मत आहे.

जिनिंगमध्ये तिसरं कारण सापडतं आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. रुईचे बारीक तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत नमद्यासारखे बसतात. स्कॅन सुरू झाला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात हे जास्तच होतं. ब्लोअरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.

डिफेंडरचा ठरलेला स्कॅन टास्क शेड्यूलरमधून दुपारच्या जेवणाच्या वेळी लावतो. रात्री मेन स्विचच बंद असतो. त्या स्कॅनला प्रोसेसरची मूळ मर्यादा ५० टक्के असते, जुन्या मशीनवर ती ३० करतो. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) अडखळत असेल तरच तिचं डेटा फोल्डर तपासणीतून वगळतो. आख्खा डी ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स कधीच नाही. क्रॅक सॉफ्टवेअरही आम्ही टाकत नाही, ते चालवायला आधी अँटीव्हायरसच बंद करावा लागतो.

रोजचं काम साध्या यूजर खात्यावर. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे. बॅकअपला दोन बाहेरच्या डिस्क, आलटून पालटून, आणि कॉपी झाली की केबल काढायची. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर मुख्य डेटासोबतच लॉक करतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या विंडोज ११ चालेल अशी मशीन वेगळी काढणं सुरू आहे. जिनिंगची साफसफाई आणि बदल आम्ही दसऱ्याआधी उरकतो. कापसाची आवक सुरू झाली की वजनकाट्याजवळचं कॉम्प्युटर मशीन तासभरही बंद ठेवता येत नाही.